पत्रकारांना काचेच्या खोलीत बसवलं तर आपलं काय बिघडतं?

2024 च्या जुलैमधली गोष्ट. दिल्लीत बजेट अधिवेशन चालू होतं. नव्या संसदेचं मकर द्वार, म्हणजे जिथून खासदारांची सगळ्यात जास्त ये-जा असते तो दरवाजा, त्याच्यासमोर रिपोर्टर आणि कॅमेरावाल्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं. आधी ते दाराजवळ उभे राहायचे, खासदार बाहेर आला की माइक पुढे करायचे. आता त्यांनी काचेतून बघायचं आणि एखाद्या खासदाराला वाटलं तर तो येऊन बोलणार. 29 जुलैला विरोधी पक्षनेते राहुल गांधींनी हा विषय लोकसभेत काढला, पत्रकारांना पिंजऱ्यात कोंडलंय, त्यांना बाहेर काढा म्हणाले, एडिटर्स गिल्डने आणि प्रेस क्लबनेही निषेध केला, अध्यक्ष ओम बिर्ला पत्रकारांना भेटले, आणि मग दोन दिवसांत बातमी मागे पडली.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची यावरची पहिली प्रतिक्रिया होती, बरं झालं, कोंडाच त्यांना, नाहीतरी नुसता कलकलाट करतात. दुसरी प्रतिक्रिया, अरे पण सगळं लाइव्ह दिसतंच की आता, मग तिथे उभं राहून करायचं काय? दोन्ही प्रतिक्रिया मला समजतात. पण या भानगडीत नेमकं काय अडकलंय ते नीट उलगडून बघितलं की लक्षात येतं, की पत्रकारांच्या सोयी-गैरसोयीचा मुद्दा इथे अगदीच छोटा आहे.

आधी एकदम बेसिक: तिथे जायचा हक्क कुणाला आहे?

शॉर्टमध्ये सांगायचं तर, हक्क म्हणून कुणालाच नाही.

आपल्या घटनेत 'प्रेसचं स्वातंत्र्य' असं वेगळं कलमच नाही. कलम 19(1)(क) मध्ये प्रत्येक नागरिकाला बोलायचं आणि आपलं मत मांडायचं स्वातंत्र्य दिलंय, त्यातच प्रेस आलं. 1948 च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत यावर चर्चा झाली होती, प्रेससाठी वेगळं काहीतरी लिहा अशी मागणी होती, तेव्हा डॉ. आंबेडकरांचं म्हणणं साधारण असं होतं की प्रेस म्हणजे कुणी वेगळा प्राणी नाही, संपादक हाही नागरिकच, तो लिहितो तेव्हा नागरिकाचाच हक्क वापरतो, मग वेगळं कलम कशाला. आणि 1950 मध्येच सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. त्या केसला मुंबईचा संबंध आहे: रोमेश थापर मुंबईतून 'क्रॉस रोड्स' नावाचं साप्ताहिक काढायचे, मद्रास सरकारने ते आपल्या राज्यात यायला बंदी केली, कोर्टाने बंदी उडवून लावली आणि सांगितलं की छापायच्या स्वातंत्र्यात लोकांपर्यंत पोचवायचं स्वातंत्र्यही येतं.

इथपर्यंत छान आहे. पण बघा, हे सगळं बोलायच्या, छापायच्या, वाटायच्या हक्काबद्दल आहे. सभागृहाच्या दारापर्यंत *जायचा* हक्क त्यात कुठेच लिहिलेला नाही. संसदेच्या आवारात कोण येणार, कुठे उभा राहणार, किती वेळ थांबणार हे लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती ठरवतात. आपल्याकडे मुंबईत विधान भवनात तेच, विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती. म्हणजे पत्रकाराचा पास हा हक्क नाही, परवानगी आहे. आणि परवानगी म्हटलं की ती देणाऱ्याच्या मर्जीवर आली.

आता गंमत बघा, परवानगी देणारे कोण? ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्यातलेच.

हाऊसिंग सोसायटीत राहणाऱ्याला हे पटकन कळेल. समजा कमिटीने ठरवलं की आजपासून एजीएमला सगळ्यांनी यायची गरज नाही, आम्ही मीटिंगचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू आणि मिनिट्सची पीडीएफ पण पाठवू. वरवर बघितलं तर आधीपेक्षा जास्तच मिळालं तुम्हाला, घरबसल्या. पण लिफ्टच्या मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट सलग चौथ्या वर्षी त्याच माणसाला का दिलं, हे सेक्रेटरीला जिन्यात गाठून विचारायची सोय गेली. व्हिडिओत तो प्रश्न येणारच नाही कारण तो विचारणारा तिथे नव्हता. आणि कॅमेरा कुठे लावायचा ते सेक्रेटरीच ठरवणार. संसदेच्या बाबतीतला वाद एवढाच आहे, फक्त तिथे लिफ्टच्या ऐवजी देशाचे कायदे आहेत.

हे भांडण अडीचशे वर्षं जुनं आहे

आपली संसदीय पद्धत ब्रिटिशांची, त्यामुळे ही खोडही तिकडचीच. अठराव्या शतकात ब्रिटिश संसदेत काय बोललं गेलं हे छापणं हा गुन्हाच होता, 1738 मध्ये तसा ठरावच केला होता. मासिकवाले मग काय करायचे, तर एका काल्पनिक देशाच्या संसदेच्या नावाखाली तीच भाषणं छापायचे, नावं थोडी इकडची तिकडे करून, आणि वाचणाऱ्याला सगळं बरोबर कळायचं.

1771 मध्ये ते फुटलं. संसदेने छापणाऱ्यांना पकडायला आपला माणूस लंडन शहरात पाठवला, तर लंडनच्या लॉर्ड मेयरने, ब्रास क्रॉसबी त्याचं नाव, उलट त्या माणसावरच कारवाई केली. संसदेने चिडून मेयरलाच टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. लोक रस्त्यावर आले. मेयर सुटला, आणि त्यानंतर कायदा न बदलताच संसदेने छापणाऱ्यांच्या मागे लागणं सोडून दिलं. 1803 पासून रिपोर्टर लोकांना गॅलरीत बसायला जागा मिळायला लागली. म्हणजे प्रेस गॅलरी ही कुणी मोठ्या मनाने दिलेली भेट नव्हती, थकून सोडलेला हट्ट होता तो.

आपल्याकडे फिरोज गांधी, आणि मग आणीबाणी

खासदार सभागृहात काहीही बोलला तरी त्याच्यावर कोर्टात केस होत नाही, घटनेच्या कलम 105 मध्ये ते संरक्षण आहे, आमदारांना 194 मध्ये. पण तेच भाषण पेपरात छापलं तर? 1956 पर्यंत छापणाऱ्याच्या मानेवर बदनामीच्या खटल्याची तलवार होती. म्हणजे खासदार एखाद्या बड्या उद्योगपतीचं नाव घेऊन आरोप करणार, सभागृहात बसलेले शे-दोनशे लोक ऐकणार, आणि बाहेरच्या कोट्यवधी लोकांना सांगायचं तर संपादकाने जेलची तयारी ठेवायची.

हे बदललं रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी. सत्ताधारी पक्षातले असूनही त्यांनी 1956 मध्ये खाजगी विधेयक आणलं, म्हणजे सरकारने नाही तर एका साध्या सदस्याने मांडलेलं विधेयक, आणि ते पासही झालं, जे फार क्वचित होतं. त्यातून नियम असा झाला की संसदेच्या कामकाजाचा बऱ्यापैकी खरा वृत्तांत वाईट हेतू न ठेवता छापला तर छापणाऱ्यावर केस नाही. पुढच्याच वर्षी याचा उपयोग दिसला. एलआयसीने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले होते, ते प्रकरण फिरोज गांधींनी डिसेंबर 1957 मध्ये लोकसभेत काढलं. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली, लोकांनी ऐकायला गर्दी केली, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. सासरे पंतप्रधान, प्रश्न विचारणारा जावई, आणि पेपरवाले बिनधास्त छापतायत. आज हे वाचताना जरा विचित्रच वाटतं.

मग आली आणीबाणी. संसदेत विरोधक काय बोलले हे छापायलाही सेन्सॉरची परवानगी लागायला लागली. 1976 मध्ये तो फिरोज गांधींचा कायदाच रद्द केला, आणि रद्द करणारं सरकार कुणाचं होतं हे वेगळं सांगायला नको. मुंबईत 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे संपादक मिनू मसानींनी सेन्सॉरविरुद्ध हायकोर्टात केस लढवली आणि त्याच वर्षी जिंकली, हे त्या काळात सोपं नव्हतं. 1977 मध्ये जनता सरकारने कायदा परत आणला, आणि पुन्हा कुणी साध्या बहुमताने उडवू नये म्हणून 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 361(अ) थेट घटनेतच टाकलं. आता विधानसभा, विधान परिषद, संसद, सगळीकडच्या कामकाजाचा खरा वृत्तांत द्यायला घटनेचं संरक्षण आहे. एक बारीक गोष्ट: त्यात वर्तमानपत्र आणि रेडिओसारखं प्रसारण यांचा उल्लेख आहे, यूट्यूब तेव्हा जन्मालाच यायचं होतं.

म्हणजे छापायचं संरक्षण पक्कं झालं. आत जायचं मात्र अजूनही मर्जीवर. कोविडपासून जे चाललंय ते सगळं या फटीतून चाललंय.

"पण सगळं लाइव्ह दिसतं की!"

हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला आक्षेप आहे, त्यामुळे यावर जरा वेळ घेतो.

1994 च्या शेवटापासून प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर लाइव्ह आहे, 2006 मध्ये लोकसभा टीव्ही आला, नंतर राज्यसभेचा, आणि 2021 मध्ये दोन्ही मिळून संसद टीव्ही झाला. आपल्या विधिमंडळाचं कामकाजही मोबाइलवर बघता येतं. हे खरंच भारी झालंय, याच्यात काही वाद नाही. पूर्वी सांगली-परभणीच्या माणसाला आपला आमदार बोलतो कसा हे पाच वर्षांत कळायचं नाही.

पण हा कॅमेरा सभागृहाचा आहे. तो जो बोलतोय त्याच्यावर असतो, आणि गोंधळ झाला की अध्यक्षांच्या खुर्चीवर जातो, तशी पद्धतच आहे. म्हणजे वेलमध्ये, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून कोण कुणाच्या हातातला कागद फाडतंय, कुठला मंत्री शेजारच्याला काय दाखवतोय, मागचे बाक किती रिकामे आहेत हे तुम्हाला दिसेलच असं नाही. 2025 च्या जुलैमध्ये काय झालं आठवा. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर पत्त्यांचा गेम उघडून बसलेत असा व्हिडिओ आमदार रोहित पवारांनी सोशल मीडियावर टाकला. मी खेळत नव्हतो असं कोकाटेंचं म्हणणं होतं, त्यात मला पडायचं नाही, पण महिना संपायच्या आत त्यांचं खातं बदललं. बोलणाऱ्याच्या तोंडावर लावलेला कॅमेरा हे दाखवू शकत नाही, त्यासाठी वेगळ्या जागेवर बसलेला वेगळा डोळा लागतो. प्रेस गॅलरी मुळात त्यासाठीच आहे, ती वर असते आणि तिथून सगळं सभागृह दिसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लाइव्हला प्रश्न विचारता येत नाही. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहं मिळून 146 खासदार निलंबित झाले आणि विरोधी बाक जवळपास रिकामे असताना तीन नवे फौजदारी कायदे पास झाले, म्हणजे आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स ॲक्ट जाऊन त्यांच्या जागी जे आले ते. एफआयआर कशी होणार, जामीन कसा मिळणार, पोलीस कोठडी किती, हे सगळं ठरवणारे कायदे. तुम्ही संसद टीव्हीवर ते लाइव्ह बघू शकत होतात. पण पास करणाऱ्या एखाद्या खासदाराला, दादा, कोठडीचं कलम आधी काय होतं आणि आता काय झालं, हे विचारायचं कुणी? घरी सोफ्यावर बसून ते होत नाही. दारात उभा असलेला, त्या विषयाचा अभ्यास असलेला, आणि उत्तर टाळलं तर "सर, पण प्रश्न तो नव्हता" म्हणू शकणारा माणूस लागतो.

आणि हो, टाळलेलं उत्तरही बातमीच असते. मान खाली घालून, फोन कानाला लावून गाडीत बसणारा मंत्री बरंच काही सांगून जातो. फोनवर पलीकडे कुणी नसतं कधी कधी, हे रोज संसद कव्हर करणाऱ्या कुणालाही विचारा.

मग हळूहळू काय काय गेलं?

2020 मध्ये कोविड आला आणि संसदेत पत्रकारांची संख्या एकदम कमी केली. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती, सगळ्यांनाच भीती होती. पण थिएटर उघडली, मॉल उघडले, निवडणुकांच्या सभा लाखालाखाच्या झाल्या, तरी प्रेस गॅलरीत चिठ्ठ्या टाकून ठराविक जणांनाच सोडणं चालूच राहिलं. चिठ्ठीत नाव नाही निघालं तर तीस वर्षं संसद कव्हर करणाराही बाहेर. शेवटी 2021 च्या डिसेंबरमध्ये पत्रकारांनी प्रेस क्लबपासून संसदेकडे मोर्चा काढला.

जुन्या इमारतीत सेंट्रल हॉल होता. ज्येष्ठ पत्रकारांना तिथे जायची मुभा होती, सगळ्या पक्षांचे आजी-माजी खासदार कॉफी-टोस्ट घेत बसायचे, आणि अलिखित नियम असा की इथे ऐकलेलं नाव लावून छापायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, छापायचं नाही तर उपयोग काय? उपयोग असा की कुठल्या विधेयकावर सत्ताधाऱ्यांमध्येच नाराजी आहे, कुठल्या कलमावर भांडण आहे, हे कळायचं, आणि मग पत्रकार तो धागा पकडून कागदपत्रं शोधायचा. 2023 च्या सप्टेंबरपासून कामकाज नव्या इमारतीत गेलं, आणि नव्या इमारतीत सेंट्रल हॉलच नाही. मुद्दाम केलं की डिझाइनमध्येच राहून गेलं, यावर वाद घालत बसा, परिणाम एकच. त्यानंतर 2024 ची ती काच.

यातली एकही गोष्ट एकटी बघितली तर फार मोठी वाटत नाही. एकही कायदा झालेला नाही, कुणालाही अटक नाही, कुठला पेपर बंद नाही. म्हणून तर यावर बोंब मारायला अवघड जातं.

"सिक्युरिटीचं काय? उद्या काही झालं तर?"

बरोबर प्रश्न आहे. 2001 च्या 13 डिसेंबरला संसदेवर हल्ला झालेला आहे, माणसं गेली आहेत, त्याला हलक्यात घ्यायचं कारण नाही. आणि बरोब्बर त्याच तारखेला 2023 मध्ये दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उडी मारून पिवळा धूर सोडला.

पण नीट बघा, ते आत आले कसे? प्रेक्षकांच्या पासवर, आणि तो पास खासदाराच्या शिफारशीवर निघाला होता. 2025 च्या जुलैमध्ये मुंबईत विधान भवनाच्या लॉबीत हाणामारी झाली, ती गोपीचंद पडळकर आणि जितेंद्र आव्हाड यांच्या समर्थकांमध्ये, म्हणजे तिथेही आमदारांबरोबर आलेले कार्यकर्ते. दोन्ही वेळा गडबड करणारा पत्रकाराच्या पासवर आलेला नव्हता. पत्रकाराचं पोलीस व्हेरिफिकेशन होतं, वर्षानुवर्षं तोच चेहरा गेटवर दिसतो, सिक्युरिटीवाले त्याला नावाने ओळखतात.

आता पत्रकारांचीही एक गोष्ट सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. 2023 च्या त्या दिवशी बाहेर धुराचं एक नळकांडं सापडलं, तर टीव्हीच्या रिपोर्टर लोकांनी ते हातात धरून लाइव्ह द्यायला एकमेकांत अक्षरशः खेचाखेची केली, तो व्हिडिओ देशाने बघितला. पोलिसांचा पुरावा आहे तो, आणि हे "आधी आमच्या चॅनेलवर" करत बसलेले! लाज वाटण्यासारखंच होतं ते. त्यामुळे दारात रांग हवी, बॅरिकेड हवं, वीस माइक एकाच खासदाराच्या नाकात घुसायला नकोत, हे मला मान्य आहे. मुंबईत विधान भवनाच्या पायऱ्यांवर अधिवेशनात रोज सकाळी जो सीन असतो, विरोधक गाजरं नाहीतर कांद्याच्या माळा घालून घोषणा देतायत आणि समोर पन्नास कॅमेरे, तिथेही शिस्त लागतेच. पण शिस्त लावणं वेगळं आणि खासदार नजरेच्या टप्प्यात येणारच नाही अशी व्यवस्था करणं वेगळं.

"पत्रकार तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत?"

नाहीत. कुणीच म्हणत नाही. पाकीट घेणारे आहेत, नेत्याच्या गाडीतून फिरणारे आहेत, रात्री नऊला स्टुडिओत बसून किंचाळणारे आहेत, आणि मंत्र्याला "सर, तुम्ही थकत कसे नाही" टाइप प्रश्न विचारणारे तर ढिगाने आहेत. जागतिक प्रेस फ्रीडम इंडेक्समध्ये 2025 ला भारत 180 देशांत 151 वा होता, तो इंडेक्स कसा काढतात यावर आपलं सरकार आक्षेप घेतं आणि काही आक्षेपांत दमही असेल, पण आपल्या प्रेसची तब्येत ठणठणीत आहे असं प्रेसवालेही म्हणणार नाहीत.

पण इथे एक उलटा परिणाम लक्षात घ्या. जागा कमी केली, पास मर्जीवर ठेवले, तर त्यातून गाळला कोण जाईल? गोड प्रश्न विचारणारा? त्याला तर मंत्री स्वतः फोन करून बोलावतो. गाळला जातो तो तिरका प्रश्न विचारणारा, छोट्या पेपरचा, जिल्ह्याच्या दैनिकाचा, ज्याच्यामागे मोठं चॅनेल उभं नाही असा. म्हणजे वाईट पत्रकारितेचा वैताग आला म्हणून आपण दार बंद करायला टाळ्या वाजवतो आणि दार बंद झाल्यावर आत उरते ती नेमकी वाईट पत्रकारिता.

आणि चांगल्याचं एक उदाहरण. 2005 मध्ये 'कोब्रापोस्ट' आणि 'आज तक'ने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की संसदेत प्रश्न विचारायला काही खासदार पैसे घेतायत. त्याच डिसेंबरमध्ये 11 खासदारांची संसदेतून हकालपट्टी झाली. लाइव्ह प्रक्षेपणात ते प्रश्न अगदी नॉर्मल प्रश्न म्हणून दिसले असते, तारांकित (तोंडी उत्तराचे) किंवा अतारांकित (लेखी उत्तराचे) जे असतील ते, छान छापील भाषेत. त्यामागचं पाकीट दाखवायला बाहेरचाच माणूस लागला.

हक्कभंग म्हणजे काय आणि पत्रकार त्याला का बिचकतात

सभागृहाचा किंवा सदस्याचा विशेषाधिकार मोडला असं सभागृहाला वाटलं तर ते स्वतःच सुनावणी करून शिक्षा देऊ शकतं, जेलची सुद्धा. याला हक्कभंग म्हणतात. तक्रार करणारे तेच, न्याय देणारेही तेच. आणि हे विशेषाधिकार नेमके कुठले, याची पूर्ण यादी आजपर्यंत कायद्यात लिहिलेली नाही. घटनेत म्हटलं होतं की कायदा करून ठरवा, तोपर्यंत ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाचे जे आहेत ते तुमचे. पंच्याहत्तर वर्षं झाली, 'तोपर्यंत' अजून संपलेलं नाही. तिकडे कॉमन्सने 1880 नंतर कुणाला यासाठी जेलमध्ये टाकलेलं नाही.

आपल्याकडे 1987 मध्ये तमिळनाडूत 'आनंद विकटन' साप्ताहिकाच्या कव्हरवर एक जोक आला. स्टेजवर दोघे बसलेत, यातला आमदार कोण आणि मंत्री कोण? तर पाकीटमारासारखा दिसतो तो आमदार आणि दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. बस, एवढंच. विधानसभेने संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिने सक्तमजुरी दिली. देशभर बोंब झाली, दोन-तीन दिवसांत सोडावं लागलं, पण गडी कोर्टात गेला आणि 1994 मध्ये मद्रास हायकोर्टाने शिक्षा बेकायदा ठरवून त्याला भरपाई मिळवून दिली. किती? हजार रुपये. 2017 मध्ये कर्नाटक विधानसभेने दोन संपादकांना आमदारांविरुद्ध लिहिलं म्हणून वर्षाची कैद सुनावली. महाराष्ट्रात 2020 मध्ये अर्णब गोस्वामींवर हक्कभंग आला, त्यात विधिमंडळाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्रावर सुप्रीम कोर्टाने उलट अवमानाची नोटीस काढली. अर्णब आवडतो की नाही हा प्रश्नच नाही इथे. तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र, तिन्हीकडे वेगळे पक्ष होते आणि हत्यार एकच होतं.

पास जाईल ही एक भीती आणि हक्कभंग येईल ही दुसरी. या दोन्ही डोक्यावर घेऊन माणूस दारात उभा असतो.

"नेत्याने उत्तर द्यायलाच पाहिजे का?"

नाही. कुठल्याच कायद्यात तसं नाही आणि नसावंही. "नो कमेंट्स" म्हणायचा अधिकार आमदाराला आहे. घरी, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात माइक घुसवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. विचारायची संधी असावी एवढंच म्हणणं आहे, तेही तो आपलं काम करायला येतो त्या जागेवर, ज्या कामाचा पगार-पेन्शन आपण देतो.

मग करायचं काय?

अमेरिकेच्या संसदेत रिपोर्टर सिनेटरच्या बरोबर कॉरिडॉरमधून चालत, भुयारी रेल्वेपर्यंत प्रश्न विचारत जातात, आणि तिथे प्रेस गॅलरीचा पास कुणाला द्यायचा हे पत्रकारांनी स्वतःमधून निवडलेली समिती बघते, 1879 पासून. अंतिम शब्द संसदेचाच, पण रोजची चाळणी पत्रकारांच्या हातात. तिकडेही सगळं गोड नाही, 2025 मध्ये व्हाइट हाऊसने मेक्सिकोच्या आखाताचं 'गल्फ ऑफ अमेरिका' हे नवं नाव वापरत नाही म्हणून एपी या वृत्तसंस्थेचा प्रवेश अडवला होता, पण ते राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस, संसद नव्हे. संसदेच्या गॅलरीत राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने पास जात नाही, हा फरक त्या समितीमुळे आहे.

आपल्याकडे याच्या जवळपासचं काहीतरी आधीपासून आहे. अधिस्वीकृती, म्हणजे सरकारने पत्रकार म्हणून दिलेली मान्यता, ती राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते आणि तिच्या समितीवर पत्रकार संघटनांचे लोक असतात. लोकसभेतही प्रेस सल्लागार समिती ही स्वातंत्र्याच्या आधीपासूनची चीज आहे. पण या समित्या 'सल्ला' देतात, आणि सल्ला ऐकायचा की नाही ते ऐकणाऱ्यावर. केंद्राच्या 2022 च्या अधिस्वीकृती नियमांत तर देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सभ्यता, नैतिकता यांना बाधक वागलं तर कार्ड काढून घ्यायची तरतूद आहे, आणि 'सभ्यता' कुणाच्या मापाने मोजायची ते ठरवणारे परत सरकारीच.

मला विचाराल तर मागणी फार मोठी नाही. कोण, कुठे, कधीपर्यंत उभा राहू शकतो याचे नियम लेखी आणि जाहीर असावेत. पास नाकारला तर कारण लेखी मिळावं आणि त्यावर अपील करता यावं, ज्या समितीत निम्मे तरी पत्रकार असतील. यूट्यूबवाल्यांचाही विचार व्हावा, कारण तालुक्याच्या बातम्या आता बऱ्याच ठिकाणी तेच करतात, फक्त फॉलोअर मोजून नाही तर काम बघून. आणि विशेषाधिकारांची ती यादी एकदाची कायद्यात लिहावी. यातल्या कशालाच घटनादुरुस्ती लागत नाही, आणि शेवटचं सोडलं तर कायदाही लागत नाही, अध्यक्ष-सभापतींची एक सही लागते. शेवटच्याला साधा कायदा लागेल, पण तो करायचा कुणी, तर ज्यांचे विशेषाधिकार त्यांनीच, म्हणून तो पंच्याहत्तर वर्षं झालेला नाही.

दर अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात, विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात आणि मग दोन्हीकडच्या प्रेस कॉन्फरन्स होतात, मुंबईत आणि डिसेंबरात नागपूरला, वर्षानुवर्षं हेच. पुढच्या वेळी ती प्रेस कॉन्फरन्स लागली की उत्तरं सोडा, प्रश्न ऐका. किती जणांना दुसरा प्रश्न विचारू दिला, आणि तो विचारणारा पुढच्या वेळी तिथे दिसतो का, तेवढं बघा.